चकण्याने यकृत वाचत नाही

जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला मुभा दिली, तेव्हा आमच्या नाशकात एक वाक्य फार चाललं: वाइन म्हणजे दारू नव्हे. दुसरं वाक्य त्याहून जुनं: नीट खाऊन घेतली की बाधत नाही.

पहिल्याचा निकाल गुणाकारात लागतो. १३ टक्क्यांच्या वाइनच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ७७ ग्रॅम अल्कोहोल, व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये ६०. यकृत लेबल वाचत नाही.

दुसऱ्याला मात्र मोठमोठ्यांचा पाठिंबा होता. इन्सुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट १९४९मध्ये म्हणत होते की यकृत बिघडतं ते कुपोषणाने. अल्कोहोलचा त्यात साखरेइतकाच दोष. हे खोडलं चार्ल्स लायबर यांनी, न्यूयॉर्कमध्ये. बेस्ट यांचं नाव पाठ्यपुस्तकात आहे, लायबर कुणाला आठवत नाहीत. प्रयोगातले उंदीर दारू घातलेलं पाणी जेमतेम पितात (इथे ते आपल्यापेक्षा शहाणे). म्हणून लायबर यांनी ती पातळ, सकस अन्नातच कालवली. खायचं तर दारूसकट! पुढे बबून माकडांवर तोच प्रयोग झाला. आहार उत्तम, तरी काहींना सिऱ्होसिस झाला.

होतं असं: अल्कोहोलपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विखारी रसायन बनतं, पेशींत चरबी साचते. इथे थांबलं तर काही आठवड्यांत यकृत सावरतं. नाही थांबलं तर सूज येते आणि एरवी अ जीवनसत्त्व सांभाळत गप्प बसलेल्या तारकापेशी चिवट धागे विणू लागतात. मटणाच्या दुकानातली कलेजी आठवा, मऊ, तुकतुकीत. सिऱ्होसिसचं यकृत म्हणजे सीताफळाची साल, गाठीगाठींची आणि टणक.

उपचारात पहिलं औषध म्हणजे दारू बंद करणं; पण रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण एकदम सोडल्यास झटके येऊ शकतात. काविळीसह तीव्र सूज असेल तर निवडक रुग्णांना स्टेरॉइड देतात. सात दिवसांत गुण दिसला नाही तर तेही थांबवतात. शेवटी प्रत्यारोपण. 'लिव्हर टॉनिक'च्या बाटल्या यातल्या कशाचीच जागा घेत नाहीत.

गंमत म्हणजे पिताना न वाचवणारं अन्न दारू सोडल्यावर खरोखर औषध ठरतं. सिऱ्होसिस झालेलं यकृत रात्रीपुरतीही साखर साठवू शकत नाही; एक रात्र उपाशी राहिलं तरी शरीर तीन दिवस उपास घडल्यासारखं स्वतःचे स्नायू जाळू लागतं. म्हणून अशा रुग्णाला झोपण्यापूर्वी आहारतज्ज्ञ मुद्दाम खायला सांगतात: दूध-पोळी, नाहीतर वाटीभर खिचडी.