जुन्या पिकअपच्या मॅनिफोल्डांतील हरवलेला प्लग

पहांटे भाजीपाला बाजारांत पोंचविण्यासाठीं आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंनीं जुनी पिकअप गाडी बाळगली आहे. अशा गाडीच्या इंजिनाच्या कुशींतून एके दिवशीं फट्फट् असा आवाज येऊं लागतो, बॉनेट उघडतांच जळका वास येतो. तरीही गाडी चालत असल्यामुळें ‘सुगी आटोपल्यावर पाहूं’ असें म्हणून मालक स्वस्थ बसतो. हें स्वस्थ बसणें धोक्याचें आहे.

इंजिनांतील जळका वायु एकत्र करून सायलेन्सराकडे धाडणारी जी बिडाची ओतीव शाखानळी, तिलाच मॅनिफोल्ड म्हणतात. कारखानदार एकच ओतीव काम अनेक नमुन्यांस वापरतात. एका नमुन्यास तेथें ऑक्सिजनमापक किंवा वायु परत फिरविणारी नळी असते, दुसऱ्यास नसते. आणि नसते तेथील भोंक आटेदार प्लगनें बुजविलेलें असतें. वर्षानुवर्षें तापून व निवून आटे गंजतात आणि एखाद्या खड्ड्याच्या हादऱ्यानें प्लग निखळतो. मात्र भोंकाजवळ लोंबती तार किंवा तुटकी नळी दिसल्यास हरवला आहे तो प्लग नव्हे. तेथें मूळचाच भाग बसविला पाहिजे.

आवाज थंडपणीं मोठा व तापल्यावर कमी होत असेल, तर दोष बहुधा गॅस्केटाचा किंवा तड्याचा समजावा, कारण बीड प्रसरण पावून फट मिटते. प्लगचें भोंक तापून मिटत नाहीं, व त्याभोंवतीं काजळीचा काळा पट्टा उमटतो.

या वायूंत कार्बन मोनॉक्साइड असतो. पेट्रोल गाडींत अधिक, डिझेलींत कमी. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो ऑक्सिजनपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो. बाजाराच्या आवारांत थंडीमुळें इंजिन चालू ठेवून, काचा लावून केबिनमध्यें झोंप घेण्याची जी चाल आहे, ती अशा गाडींत प्राणावर बेतूं शकते. डोकें दुखणें व मळमळणें यांस जागरणाचा शीण समजूं नये.

आतां प्लग निवडण्याविषयीं. पंपाच्या सामानाच्या दुकानांतून पाण्याच्या नळीचा प्लग आणून ठोकणें ही आमच्याकडील नेहमींची युक्ति. ती दुहेरी चुकीची आहे. एक तर त्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त सुमारें ४२० अंश सेंटिग्रेडला वितळतें, व ओझें ओढणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा मॅनिफोल्ड याहून पुष्कळ अधिक तापतो. दुसरें, आटे. आपल्याकडील नळीचे आटे ब्रिटिश मापाचे. अमेरिकन मापाशीं ते जुळल्यासारखे भासतात: अर्ध्या इंचाच्या मापांत दोहोंतही इंचास १४ आटे, परंतु कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०; पाव इंची मापांत तर १९ व १८. असा प्लग दोन वेढे सहज जातो, मग अडतो, आणि जोर केल्यास बिडाचे आटे चुरतात. ऑक्सिजनमापकाचें भोंक सामान्यतः १८ मिलिमीटरचें, दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचें असतें. यास्तव आट्यांची गेज लावल्यावांचून खरेदी करूं नये. प्लग मुलाम्याविना साध्या किंवा स्टेनलेस पोलादाचा घ्यावा. टेफ्लॉनची फीत सुमारें २६० अंशांपलीकडे टिकत नाहीं, व जळल्यास विषारी वाफ सोडते. दोन पुड्यांची लांबी तर नांवही घेऊं नये.

काम गाडी पूर्ण थंड असतांनाच करावें. गंज सोडविणारें तेल रात्रभर मुरूं द्यावें. टॅपच्या खांचांत ग्रीस भरून तो हातानें हळूहळू फिरवावा, म्हणजे कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो. टर्बो असलेल्या इंजिनांत आंत पडलेला कीस थेट त्याच्या पात्यांवर जातो. नव्या प्लगास उष्णता सोसणारें तांबेमिश्रित वंगण लावून तो प्रथम बोटांनींच तीन-चार वेढे बसवावा, नंतर पाना. निमुळता प्लग शेवटपर्यंत दाबण्याचा हव्यास नको. तो पाचरीसारखा शिरून बीड फोडतो. आटे मुळींच उरले नसल्यास मॅनिफोल्ड उतरवून लेथवाल्याकडे न्यावा. रस्त्याकडेच्या वेल्डिंगनें बिडास बहुधा शेजारींच नवा तडा जातो.

पहिल्या खेपेनंतर गाडी निवूं द्यावी व प्लगाभोंवतीं नवी काजळी धरली आहे काय तें पाहावें. धरली असल्यास अधिक आवळीत न बसतां प्लग काढून आटे पुन्हां मोजावे.