'सावकारी पाश' आणि बाबूराव पेंटर

पुणें जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, नीरा व भीमा यांच्या संगमावर, नरसिंहपूर हें क्षेत्र आहे. लक्ष्मीनृसिंहाच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूला तेथें शांत पाणी दिसतें. परंतु या मुलुखानें १८७५ सालीं एक निराळाच क्षोभ पाहिला. त्या वर्षीं १२ मे रोजीं, हल्लींच्या बारामती तालुक्यांतील सुपें येथें, कर्जानें गांजलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांवर चाल केली. हें लोण इंदापूर तालुक्यांतही पोंचलें. लोकांचा रोख माणसांपेक्षां कर्जरोख्यांवर अधिक होता. कागद जळला म्हणजे पाश तुटला, अशी त्यांची समजूत. पुढें चौकशी होऊन १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला, पण ऋणाचें ओझें कांहीं उतरलें नाहीं.

हेंच दुःख पन्नास वर्षांनंतर पडद्यावर आलें, तें कोल्हापुरांतून. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे मूळचे चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवितां रंगवितां ते चित्रपटाकडे वळले. परदेशी यंत्राची वाट न पाहतां त्यांनीं स्वतःच कॅमेरा सिद्ध केला आणि गायिका तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यसाहाय्यानें महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. १९२० च्या 'सैरंध्री'नें त्यांना कीर्ति दिली. कुलीन समाज चित्रपटांतील स्त्रियांकडे नाक मुरडून पाहत असतां, या चित्रांतील स्त्रीभूमिका त्यांनीं स्त्रियांकडूनच करविल्या.

पौराणिक व ऐतिहासिक चित्रांवर कंपनीचा संसार सुखानें चालला असता. तरीही १९२५ मध्यें बाबूरावांनीं 'सावकारी पाश' काढला. त्यांत देव नाहीं, राजा नाहीं. सावकाराच्या कपटानें जमीन गमावून शहरांतील गिरणीची वाट धरणारा एक तरुण शेतकरी आहे. ती भूमिका व्ही. शांताराम यांनीं केली. चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांना हें उघडें सत्य रुचलें नाहीं आणि चित्राला धंद्यांत यश लाभलें नाहीं.

निर्मात्याची खरी कसोटी येथेंच लागते. लेखकाची वही पडून राहिली तर कागदच वायां जातो. निर्मात्याचें चित्र पडलें तर साऱ्या कारखान्याची चूल विझण्याचा प्रसंग येतो. असें असूनही १९३६ मध्यें बाबूरावांनीं तोच विषय बोलपटाच्या रूपानें पुन्हा हातीं घेतला.

त्यांच्या हाताखालीं तयार झालेले दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम यांनीं, सीताराम कुलकर्णी यांच्यासह, १९२९ मध्यें 'प्रभात'ची स्थापना केली. विषम विवाहावरील 'कुंकू' (१९३७), पतित स्त्रीची कथा सांगणारा 'माणूस' (१९३९) आणि हिंदु-मुसलमान स्नेहाचा 'शेजारी' (१९४१) हीं चित्रें तेथूनच निघालीं, आणि त्यांना प्रेक्षकही लाभले. गुरूनें तोटा सोसून जी वाट पाडली, तिच्यावरून शिष्य निर्धास्तपणें चालले. सुप्याच्या शेतकऱ्यांनीं कागद जाळून जें जगाला सांगूं पाहिलें, तें बाबूरावांनीं फिल्मवर उमटविलें. आणि उमटलेलें चित्र पुसणें हें कागद जाळण्याइतकें सोपें नसतें.