चाचणी विक्रियक, अणुकेंद्रीय
नवी अणुइंधने व विक्रियकात वापरावयाचे पदार्थ न्यूट्रॉनांच्या तीव्र माऱ्याखाली कसे टिकतात, हे तपासण्यासाठी उभारलेल्या संशोधन विक्रियकास (अणुभट्टीस) ‘चाचणी विक्रियक’ म्हणतात. न्यूट्रॉनांच्या आघातांनी धातूतील अणू जागचे हलतात. त्यामुळे पोलाद फुगते वा ठिसूळ होते. इंधनात वायुरूप भंजनद्रव्ये साचून त्याच्या आवरणावर ताण येतो. आवरण फुटल्यास किरणोत्सर्गी द्रव्ये शीतनकात मिसळतात. म्हणून वीजनिर्मितीत वापरण्यापूर्वी नव्या इंधनाची अशी परीक्षा आवश्यक ठरते.

अभिकल्पात न्यूट्रॉन अभिवाह (दर चौ. सेंमी. क्षेत्रातून दर सेकंदास जाणारे न्यूट्रॉन) शक्य तितका वाढवावा लागतो. त्यासाठी गाभा लहान ठेवून त्यात अधिक शक्ती निर्माण करतात. परिणामी उष्णता काढून घेणे ही मुख्य अडचण होते. अमेरिकेतील आयडाहो येथील ॲडव्हान्स्ड टेस्ट रिॲक्टर (१९६७, औष्णिक क्षमता २५० मेगावॉट) यात इंधनाची मांडणी चार पाकळ्यांच्या पानासारखी नागमोडी आहे. तिच्यामुळे नऊ ‘अभिवाह सापळे’ निर्माण होतात. इंधनातून निसटलेले शीघ्र न्यूट्रॉन तेथील पाण्यात मंदावतात व औष्णिक न्यूट्रॉनांची दाटी होते. भोवती बेरिलियमाचा परावर्तक असून त्यातील हाफ्नियमयुक्त फिरत्या दंडगोलांनी नियंत्रण होते. त्यामुळे उभ्या दिशेतील अभिवाहाचे वितरण फारसे बिघडत नाही आणि निरनिराळ्या पाकळ्यांची शक्ती वेगवेगळी ठेवता येते. काही नमुने स्वतंत्र अभिसरण मंडलांत ठेवतात. प्रत्येक मंडलाचे तापमान, दाब व पाण्याचे रासायनिक गुणधर्म निराळे असू शकतात. नमुना निकामी झाला, तरी त्याची झळ गाभ्यास लागू नये, हा या रचनेचा दुसरा हेतू होय.

शीघ्र विक्रियकांच्या इंधनासाठी पाणी चालत नाही, कारण ते न्यूट्रॉनांना मंद करते. तेथे द्रवरूप सोडियम वापरतात. रशियातील बीओआर-६० (१९६९) हा अशा प्रकारचा आहे. भारतात कल्पाक्कम येथील शीघ्र प्रजनक चाचणी विक्रियक (१९८५) यूरेनियम-प्लुटोनियम मिश्र कार्बाइड इंधनावर चालविण्यात आला. तुर्भे येथील सायरस (१९६०–२०१०) या विक्रियकातील दाबयुक्त पाण्याच्या मंडलात तारापूरसाठीच्या मिश्र ऑक्साइड इंधनाची चाचणी झाली.

उच्च अभिवाहासाठी अतिसमृद्ध यूरेनियम सोयीचे असले, तरी ते अण्वस्त्रांसही उपयोगी पडते. म्हणून १९७८ पासून २० टक्क्यांहून कमी समृद्धीचे, परंतु अधिक घन इंधन विकसित करण्याचे प्रयत्न चालू आहेत. नॉर्वेतील हॅल्डन विक्रियक २०१८ मध्ये कायमचा बंद झाल्याने चाचणीच्या सोयी आणखी कमी झाल्या. फ्रान्समधील कादाराश येथे १०० मेगावॉट क्षमतेच्या झ्यूल ऑरोवित्स विक्रियकाची उभारणी २००७ मध्ये सुरू झाली.