आयरिश हार्टबीट (अल्बम)

'आयरिश हार्टबीट' हा उत्तर आयर्लंडमधील गायक व्हॅन मॉरिसन आणि डब्लिनचा पारंपरिक वाद्यवृंद 'द चीफटन्स' यांचा संयुक्त अल्बम आहे. तो जून १९८८ मध्ये मर्क्युरी कंपनीने प्रकाशित केला. अल्बममध्ये एकूण १० गीते असून त्यांपैकी ८ आयरिश-स्कॉटिश लोकपरंपरेतील म्हणून ओळखली जातात, तर २ मॉरिसन यांनी स्वतः लिहिलेली आहेत. रॉक, ब्लूज आणि सोल या संगीतप्रकारांत दोन दशकांहून अधिक काळ गायलेल्या कलावंताने आपल्या भूमीच्या लोकगीतांकडे वळण्याचे हे एक महत्त्वाचे उदाहरण मानले जाते. 'परंपरागत' गीत कशाला म्हणावे आणि ते कोणत्या समाजाच्या मालकीचे असते, हे दोन प्रश्न या अल्बमच्या निमित्ताने अभ्यासता येतात.

पार्श्वभूमी

व्हॅन मॉरिसन यांचा जन्म ३१ ऑगस्ट १९४५ रोजी बेलफास्टच्या पूर्व भागातील हिंडफर्ड स्ट्रीट येथे एका प्रॉटेस्टंट श्रमिक कुटुंबात झाला. वडील हारलँड अँड वुल्फ या जहाजबांधणी कारखान्यात वीजतंत्री होते. त्यांच्याकडे अमेरिकन ब्लूज आणि जॅझच्या ध्वनिमुद्रिकांचा मोठा संग्रह होता, तर आई उत्तम गात असे. त्यामुळे मॉरिसन यांच्या कानांवर बालपणीच अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांचे संगीत पडले. १९६४ मध्ये 'देम' या संचातून ते पुढे आले. १९६७ मधील 'ब्राउन आइड गर्ल' या गीताने त्यांना अमेरिकेत लोकप्रियता मिळाली, आणि 'ॲस्ट्रल वीक्स' (१९६८) व 'मूनडान्स' (१९७०) या अल्बमांनी त्यांचे स्थान पक्के केले.

लोकसंगीताशी त्यांचा संबंध १९८८ पूर्वीही होता. बेलफास्टमधील मॅकपीक कुटुंबाने लोकप्रिय केलेले एक गीत त्यांनी १९७३ मध्ये 'पर्पल हेदर' या नावाने गायिले होते. १९८० च्या दशकातील त्यांच्या रचनांत आयर्लंड आणि सेल्टिक वारसा यांचे उल्लेख वाढत गेले. 'सेल्टिक रे' (१९८२) आणि 'आयरिश हार्टबीट' (१९८३) ही त्या काळातील त्यांची दोन गीते पुढे या अल्बमसाठी नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आली.

'द चीफटन्स' हा वाद्यवृंद पॅडी मोलोनी (१९३८–२०२१) यांनी १९६२ मध्ये डब्लिन येथे स्थापन केला. त्यापूर्वी मोलोनी हे संगीतकार शॉन ओ रीदा यांच्या वादकसंचात वाजवीत असत. आयर्लंडचे पारंपरिक वाद्यसंगीत मुख्यतः एकट्याने वाजवायचे किंवा नृत्याला साथ म्हणून वाजवायचे असे. अनेक वाद्ये एकत्र आणून, प्रत्येकाला आळीपाळीने पुढे आणून, ते संगीत सभागृहात बसून ऐकण्याजोगे करण्याची पद्धत ओ रीदा यांनी रूढ केली, आणि चीफटन्सनी ती जगभर नेली. म्हणजे ज्या वाद्यवृंदाला 'पारंपरिक' म्हटले जाते, त्याची मांडणीच मुळात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे.

ध्वनिमुद्रण आणि वादक

सप्टेंबर १९८७ ते जानेवारी १९८८ या काळात डब्लिनच्या विंडमिल लेन स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण झाले. निर्मितीची जबाबदारी मॉरिसन आणि मोलोनी या दोघांनी सांभाळली. मॉरिसन यांनी गायनाबरोबर गिटार आणि ड्रमही वाजविले. चीफटन्सचे वादक पुढीलप्रमाणे होते:

पॅडी मोलोनी – इलन पाइप्स आणि पत्र्याची शिट्टी
मार्टिन फे आणि शॉन कीन – फिडल (व्हायोलिन)
मॅट मोलॉय – लाकडी आडवी बासरी
डेरेक बेल – हार्प आणि कळफलक वाद्ये
केव्हिन कॉनेफ – बोरान आणि गायन

मेरी ब्लॅक, मोरा ओकॉनेल आणि जून बॉइस या गायिकांनी सहगायन केले.

यांतील दोन वाद्ये मराठी वाचकांना अपरिचित असण्याचा संभव आहे. 'इलन पाइप्स' हे पिशवीत हवा साठवून वाजवायचे वाद्य आहे. स्कॉटिश बॅगपाइपमध्ये तोंडाने फुंकून हवा भरतात, तर येथे वादक बसून कोपराखाली धरलेल्या लहान भात्याने ती भरतो. 'इलन' हा शब्द कोपर या अर्थाच्या आयरिश शब्दावरून आला आहे. याचा आवाज तुलनेने मृदू असल्याने तो मानवी गळ्याबरोबर सहज मिसळतो. 'बोरान' हे लाकडी कड्यावर एका बाजूने कातडे मढविलेले, डफासारखे तालवाद्य असून ते सहसा लहान काठीने वाजवितात.

गीते

१. स्टार ऑफ द काउंटी डाउन
२. आयरिश हार्टबीट
३. ता मो ख्लाउनस जेन्टा
४. रॅग्लन रोड
५. शी मूव्ह्ड थ्रू द फेअर
६. आयल टेल मी मा
७. कॅरिकफर्गस
८. सेल्टिक रे
९. माय लॅगन लव्ह
१०. मरीज वेडिंग

'परंपरागत' गीतांचे कर्ते

लोकगीत म्हणजे कर्ता अज्ञात असलेले, फार जुन्या काळापासून मुखपरंपरेने आलेले गीत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या अल्बममधील गीतांचा इतिहास पाहिल्यास ती समजूत पुरती टिकत नाही.

'रॅग्लन रोड' हे कवी पॅट्रिक कॅव्हना (१९०४–१९६७) यांची कविता असून ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला एका जुन्या आयरिश गीताची चाल लावण्यात आली आणि 'द डब्लिनर्स'चे गायक ल्यूक केली यांच्या आवाजात ती घरोघरी पोहोचली. 'शी मूव्ह्ड थ्रू द फेअर' या गीताची चाल डोनेगल परिसरात संगृहीत केलेली आहे, परंतु शब्द बव्हंशी कवी पॅड्रिक कोलम यांचे आहेत. ते १९०९ मध्ये संगीतकार हर्बर्ट ह्यूज यांच्या संग्रहात छापले गेले. कोलम १९७२ पर्यंत हयात होते. 'माय लॅगन लव्ह' याचे शब्द जोसेफ कॅम्बेल यांचे असून तेही ह्यूज यांच्याच सहकार्याने १९०४ मध्ये प्रकाशित झाले. 'स्टार ऑफ द काउंटी डाउन' याचे शब्द कॅथल मॅकगार्व्ही (१८६६–१९२७) यांनी लिहिले.

'कॅरिकफर्गस' या गीताची मुळे आयरिश भाषेतील एका जुन्या गीताशी जोडली जातात, मात्र आज गायिले जाणारे रूप १९६० च्या दशकात डॉमिनिक बीहन यांच्या ध्वनिमुद्रणानंतर रूढ झाले. 'मरीज वेडिंग' हे तर मुळात स्कॉटलंडचे, १९३० च्या दशकातील गेलिक गीत आहे. 'आयल टेल मी मा' हे मुलांच्या खेळातील गाणे असून त्याची रूपे इंग्लंडमध्येही आढळतात. बेलफास्टमध्ये मात्र ते त्या शहराचे गाणे म्हणूनच म्हटले जाते.

यावरून असे दिसते की, चाल जुनी आणि शब्द नवे, किंवा कवी ज्ञात पण गाणाऱ्यांच्या विस्मरणात गेलेला, अशी स्थिती अनेक 'परंपरागत' गीतांची असते. गीत लोकांनी स्वीकारले, आपल्या गळ्यातून बदलत नेले, आणि कर्त्याचे नाव मागे पडले, की ते परंपरेत दाखल होते. लोकपरंपरा ही एकदाच बंद झालेली पेटी नसून तिच्यात भर पडत असते. मॉरिसन यांनी स्वतःची २ गीते या ८ गीतांच्या पंक्तीला बसविली, ही गोष्ट या प्रक्रियेला धरूनच आहे.

गायनशैली

आयर्लंडमधील जुन्या गायनपद्धतीस 'शॉन-नोस' म्हणजे 'जुनी रीत' असे म्हणतात. ती साथीशिवाय, एकट्याने, मुख्यतः आयरिश भाषेत गायिली जाते. तिच्यात ताल काटेकोर नसतो. शब्दाच्या ओघानुसार स्वर लांबविले जातात आणि त्यांवर बारीक अलंकरण केले जाते. मॉरिसन यांनी या पद्धतीचे अनुकरण केलेले नाही. त्यांचा आवाज ब्लूज आणि सोल गायकीत घडलेला आहे. एखादा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारणे, तो तोडणे, स्वरावर जोर देऊन तो घासणे ही त्यांची लकब येथेही कायम आहे. तथापि दोन्ही पद्धतींत एका अक्षरावर अनेक स्वर घेण्याची आणि लयीशी मोकळेपणाने वागण्याची प्रवृत्ती समान आहे. त्यामुळे 'माय लॅगन लव्ह'सारख्या संथ गीतात या दोन रीती एकमेकींच्या जवळ येतात.

'शी मूव्ह्ड थ्रू द फेअर' या गीताची चाल ज्या स्वरसप्तकात आहे, त्यास पाश्चात्त्य परिभाषेत मिक्सोलिडियन म्हणतात. त्यात निषाद कोमल आणि इतर स्वर शुद्ध असतात. हिंदुस्थानी संगीतातील खमाज थाटाची स्वररचना हीच आहे. चालीत नेहमीचा पाश्चात्त्य शुद्ध निषाद नसल्यामुळे ती आधुनिक लोकप्रिय गीतांहून वेगळी आणि जुनी भासते.

'ता मो ख्लाउनस जेन्टा' म्हणजे 'माझी सोयरीक ठरली आहे'. या गीतात आयरिश आणि इंग्रजी या दोन्ही भाषा येतात. दोन भाषा एकाच गीतात गुंफण्याची रीत आयर्लंडच्या लोकगीतांत, जनसामान्य आयरिशकडून इंग्रजीकडे वळत असतानाच्या काळात, बरीच रुळलेली होती.

राजकीय संदर्भ

अल्बमचा काळ उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षाचा होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ पर्यंत चाललेल्या या संघर्षात सुमारे ३५०० लोक मृत्युमुखी पडले. ध्वनिमुद्रण चालू असतानाच ८ नोव्हेंबर १९८७ रोजी एनिस्किलन येथे युद्धस्मारकाजवळ स्फोट होऊन ११ जण ठार झाले. अल्बम प्रकाशित होण्यापूर्वी तीन महिने, मार्च १९८८ मध्ये, बेलफास्टच्या मिलटाउन दफनभूमीत अंत्ययात्रेवर हल्ला झाला.

या वातावरणात संगीतालाही बाजू चिकटली होती. आयरिश भाषा आणि पारंपरिक संगीत ही कॅथलिक राष्ट्रवादी समाजाची ओळख मानली जाई. प्रॉटेस्टंट मुले ज्या सरकारी शाळांत जात, तेथे आयरिश भाषा सहसा शिकविली जात नसे. अशा वस्तीतून आलेल्या गायकाने डब्लिनच्या वाद्यवृंदासह ही गीते आपली म्हणून गाणे याला त्यामुळे अर्थ प्राप्त झाला. अल्बममध्ये घोषणा नाहीत की संघर्षाचा थेट उल्लेख नाही. 'सेल्टिक रे' या गीतात आयर्लंडबरोबर स्कॉटलंड, इंग्लंड आणि वेल्स यांचीही नावे येतात, एवढाच त्याचा कल सांगता येतो.

गीतांतील स्थळेही या विभागणीला जुमानत नाहीत. लॅगन ही बेलफास्टमधून वाहणारी नदी आहे, जरी काही अभ्यासक 'माय लॅगन लव्ह' या गीतातील स्थळ डोनेगलमध्ये शोधतात. लॅगनच्या पूर्वेकडील बेलफास्ट ऐतिहासिकदृष्ट्या डाउन काउंटीत मोडते, म्हणजे मॉरिसन यांचे जन्मस्थान त्याच काउंटीच्या हद्दीतील आहे. कॅरिकफर्गस हे बंदर १६९० मध्ये राजा तिसरा विल्यम जेथे उतरला ते ठिकाण असल्याने प्रॉटेस्टंट स्मृतीत मानाचे आहे, आणि तरीही त्या नावाचे गीत साऱ्या आयर्लंडमध्ये गायिले जाते.

इतिहासही याला दुजोरा देतो. आयर्लंडच्या हार्पवादकांचे लुप्त होत चाललेले संगीत जतन व्हावे म्हणून जुलै १७९२ मध्ये बेलफास्ट येथे त्यांचे संमेलन भरविण्यात आले. त्या आयोजनात शहरातील प्रॉटेस्टंट नागरिक पुढे होते. तेथे चाली टिपून घेणारे १९ वर्षांचे एडवर्ड बंटिंग हेही प्रॉटेस्टंटच होते. चीफटन्सचे हार्पवादक डेरेक बेल (१९३५–२००२) यांचा जन्मही बेलफास्टच्या प्रॉटेस्टंट समाजातलाच.

स्वागत आणि प्रभाव

अल्बमला समीक्षकांची दाद मिळाली आणि ब्रिटनच्या विक्रीयादीत तो पहिल्या २० मध्ये पोहोचला. रूढ रीतीच्या चाहत्यांना मॉरिसन यांचे गायन काही ठिकाणी खडबडीत वाटणे स्वाभाविक होते. विशेषतः 'रॅग्लन रोड'ची तुलना ल्यूक केली यांच्या गायनाशी होत राहिली.

चीफटन्सनी पुढे अन्य लोकप्रिय गायकांबरोबरही काम केले. त्यांच्या 'द लाँग ब्लॅक व्हेल' (१९९५) या अल्बममध्ये मिक जॅगर, स्टिंग, टॉम जोन्स आणि शिनेड ओकॉनर यांच्यासह मॉरिसनही गायिले. त्यातील 'हॅव आय टोल्ड यू लेटली' या गीतासाठी मॉरिसन आणि चीफटन्स यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. शिनेड ओकॉनर यांनी २००२ मध्ये 'शॉन-नोस नुआ' म्हणजे 'नवी जुनी रीत' हा लोकगीतांचा स्वतंत्र अल्बम काढला.

३० नोव्हेंबर १९९५ रोजी, शस्त्रसंधीच्या काळात, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या भेटीच्या वेळी मॉरिसन यांनी बेलफास्टच्या नगर सभागृहासमोर दोन्ही समाजांच्या जमावापुढे गायन केले. १९९८ च्या शांतता करारात आयरिश भाषेचा आदर राखण्याचे कलम समाविष्ट झाले.