परक्या प्रोसेसरचा डंप, आपल्या टेबलावर

आज स्टॅकच्या फ्रेम्स उलगडायच्या असं ठरलं होतं. तो विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण आमच्या भद्रावतीच्याच एका वाचकाच्या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाववत नाही. त्यांनी शेतातल्या पंपावर नजर ठेवायला रास्पबेरी पाय बसवलाय. त्यावरचा प्रोग्रॅम अधूनमधून कोसळतो. कोअर फाइल पेनड्राइव्हवर घरी आणली, पण घरचा लॅपटॉप इंटेलचा. मित्र सांगतो, ‘आर्मचा डंप आर्मवरच उघडतो.’ खरं का?

साफ खोटं. कोअर फाइल म्हणजे कोसळलेल्या प्रोग्रॅमची त्या क्षणाची मेमरी आणि रजिस्टर्स. त्यातली एकही आज्ञा आता चालवायची नसते. आर्मच्याच यंत्रावर उघडलीत तरी त्या प्रोग्रॅममधलं एखादं फंक्शन चालवून बघता येत नाही. चालवायचंच काही नाही, तर वाचणाऱ्या यंत्रात कुठला प्रोसेसर आहे याने काय बिघडतं? डीबगरला मांडणी ठाऊक असली की झालं: रजिस्टर्स कोणती, पत्ता किती बाइट्सचा, बाइट्सचा क्रम कसला.

उलट, दुसऱ्या जातीच्या यंत्रावर बसून तपास करणं ही जुनीच रीत आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली. तिची धुरा आपल्या विदर्भातल्या, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांकडे होती. १९९१मध्ये तिथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला, तो इनमॉस कंपनीच्या टी-८०० ट्रान्सप्यूटर चिप्स जोडून. ट्रान्सप्यूटर हे माझं जुनं वेड, त्यामुळे इथे थोडं रेंगाळतो.

टी-८००च्या पोटात चार किलोबाइट मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार लिंक. पडदा, कीबोर्ड, डिस्क या गोष्टी यजमान संगणकाच्या. तो बहुधा इंटेलचा पीसी किंवा सनचं वर्कस्टेशन. जाळ्यातली एखादी चिप अडकली तर तिची झडती यजमानानेच घ्यायची. त्यासाठी चिपला ‘अ‍ॅनालाइज’ नावाची खास पिन होती. ती उचलली की प्रोसेसर पुढच्या सोयीच्या जागी थांबे. ती तशीच उचललेली ठेवून रीसेट दिला, की मेमरीला धक्का न लागता चिप लिंकवर कान देऊन बसे.

मग लिंकवरून येणारा पहिला बाइट काय आहे, यावर सगळं ठरे. शून्य आला तर पुढच्या पत्त्यावर शब्द लिहायचा. एक आला तर पुढच्या पत्त्यावरचा शब्द परत पाठवायचा. त्याहून मोठा आकडा आला तर तेवढ्या बाइट्सचा प्रोग्रॅम येतोय असं समजायचं. यजमानाने ०१ ०० ०० ०० ८० असे पाच बाइट पाठवले, की मेमरीच्या अगदी तळातले चार बाइट परत येत. अडकलेल्या चिपवर काहीही न चालवता तिची मेमरी अशी बाहेर काढता येई. तळाचा भाग मात्र आधी काढून ठेवावा लागे, कारण नंतर चढवलेला प्रोग्रॅम नेमका तिथेच बसायचा.

यात दोन खाचखळगे होते. ट्रान्सप्यूटरचे पत्ते ऋण आकड्यांपासून सुरू होतात: ८०००००००ला तळ, ७एफएफएफएफएफएफएफला माथा. यजमानाने ते बिनचिन्हाचे धरले, तर तळ माथ्याच्याही वर जाऊन बसतो. दुसरा खळगा बाइट्सच्या क्रमाचा. ७० ०० ०० ८० हे बाइट ट्रान्सप्यूटरला आणि इंटेलला ८०००००७० दिसतात. सनच्या स्पार्कला सरळ वाचायला दिले तर ७०००००८०. म्हणजे स्पार्कवर बसलेल्या डीबगरने प्रत्येक शब्द उलटून घ्यायलाच हवा. पुढे परमच्याच घराण्यात हे सगळे क्रम येऊन गेले: परम १००००मध्ये अल्ट्रास्पार्क, परम पद्ममध्ये आयबीएमचा पॉवर ४, परम युवामध्ये इंटेलचा झिऑन.

आता वाचकांच्या फाइलकडे. फाइलच्या नावावर जाऊ नका. आमच्या स्टेशनवर पाटी भांदकची आणि गाव भद्रावती. पाटीवर विसंबलेला नवखा प्रवासी थेट चंद्रपूरला जाऊन उतरतो. हेक्स एडिटरमध्ये पहिले वीस बाइट बघा. सुरुवात ७एफ ४५ ४सी ४६ हवी. पुढचा ०२ म्हणजे ६४ बिट, त्यानंतरचा ०१ म्हणजे लहान टोक आधी. सतराव्या जागी ०४ ०० असेल तर ती कोअर फाइलच. त्यापुढे बी७ ०० असेल तर ६४ बिटांचा आर्म, ३ई ०० असेल तर इंटेल-एएमडीचा ६४ बिटांचा प्रोसेसर.

खरी अडचण याच्या पुढे आहे. लिनक्स कोअर फाइलमध्ये प्रोग्रॅमच्या आज्ञा सहसा लिहीतच नाही. त्या मूळ फाइलमध्ये आहेतच, असं तो धरून चालतो. तेव्हा पायवरचा तोच प्रोग्रॅम आणि त्याच लायब्ररी लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या. जीडीबी-मल्टिआर्च उघडा, आधी सिसरूट त्या फोल्डरकडे वळवा आणि मग कोअर फाइल द्या. लायब्ररीची आवृत्ती जरा इकडची तिकडे असली तर जीडीबी फंक्शनांची नावं दाखवेल, पण ती चुकीची, आणि चुकीची नावं प्रश्नचिन्हांपेक्षा घातक. म्हणून बिल्ड-आयडी जुळवल्याशिवाय बॅकट्रेसवर विश्वास ठेवू नका. कर्नलच कोसळला असेल तर क्रॅश नावाचं साधन लागतं. तेही इंटेलवर चालतं, फक्त आर्म६४ लक्ष्य देऊन वेगळं बिल्ड करावं लागतं.

डंप मला पाठवायच्या आधी एक ध्यानात घ्या: त्या क्षणी मेमरीत असलेला वायफायचा पासवर्डही त्यात येऊ शकतो. आणि प्रोग्रॅम यंत्रावर चढवाल त्याच दिवशी त्याची सिम्बॉल्ससकट एक प्रत, लायब्ररींसह, जपून ठेवा. लॅपटॉप कुठल्याही जातीचा चालेल. ही प्रत नसेल तर डंप हाती असूनही उपयोग नाही.