वर्दीवरचा कॅमेरा : रिआल्टोचा प्रयोग

रिआल्टो हे कॅलिफोर्नियातले, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सान बर्नार्डिनो परगण्यात वसलेले सुमारे एक लाख वस्तीचे शहर. २०१२ साली त्याच्या पोलीस दलात ११५ पोलीस आणि ४२ बिनवर्दीचे कर्मचारी होते. त्या वर्षी या दलाने गस्तीवरच्या पोलिसांच्या अंगावर छोटे कॅमेरे चढवले. पोलिसांनी असे कॅमेरे वापरण्याची ही पहिली वेळ नव्हती. इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात २००५-०६ मध्येच ते वापरून झाले होते. पण कॅमेऱ्यामुळे पोलिसांच्या आणि लोकांच्या वागण्यात खरोखर फरक पडतो का, हे काटेकोर पद्धतीने मोजण्याचे काम रिआल्टोत झाले. पुढच्याच वर्षी या एवढ्याशा दलाचे आकडे न्यूयॉर्कच्या न्यायालयापर्यंत पोहोचले.

महाराष्ट्रात सगळे पोलीस दल एका महासंचालकाच्या हाताखाली चालते. अमेरिकेतली घडी वेगळी आहे. तिथे पोलीस हा मुख्यतः ज्या त्या गावाचा विषय. देशात सुमारे १८,००० स्वतंत्र पोलीस यंत्रणा आहेत आणि स्थानिक दलांपैकी जवळजवळ निम्म्या दलांत पूर्णवेळ पोलीस दहाहून कमी. दलाचा खर्च शहर उचलते, म्हणून ते ठेवायचे की मोडायचे हेही शहराची परिषदच ठरवते. रिआल्टोच्या परिषदेने २००५ मध्ये आपले दल बरखास्त करून सारे काम परगण्याच्या शेरीफकडे सोपवण्याचा ठराव खरोखरच केला होता. पुढे तो मागे घेण्यात आला. अशा दलाला लोकांचा विश्वास गमावणे परवडत नाही. दुसरीकडे, लहान असण्याचा फायदाही असतो. प्रमुखाने मनावर घेतले तर नवी पद्धत थोड्या दिवसांत प्रत्येक पोलिसापर्यंत पोहोचते.

प्रमुख होते टोनी फॅरार. नोकरी सांभाळून ते केंब्रिज विद्यापीठाच्या गुन्हेशास्त्र संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घेत होते, आणि अंगावरचे कॅमेरे हा त्यांच्या प्रबंधाचाच विषय होता. केंब्रिजचे संशोधक बराक एरियल यांच्यासोबत त्यांनी प्रयोगाची आखणी केली. नवे यंत्र विकत घ्यायचे, उद्‌घाटन करायचे आणि वर्षभराने यशाचा अहवाल लिहायचा ही सरकारी खात्यांची जगभरची रीत. फॅरार यांनी आधी मोजमापाची व्यवस्था लावली आणि मग कॅमेरे वाटले. या सगळ्या प्रकरणात श्रेय द्यायचे तर मुख्यतः या क्रमाला द्यावे लागेल.

कॅमेरे टेझर इंटरनॅशनल या कंपनीचे होते. विजेचा झटका देणाऱ्या पिस्तुलांमुळे प्रसिद्ध असलेली ही कंपनी २०१७ पासून ॲक्सॉन नावाने ओळखली जाते. कॅमेरा इतका लहान, की चष्म्याच्या काडीवर, कॉलरवर किंवा टोपीवर बसवता येई. तारेने जोडलेली बॅटरी खिशात राही आणि पूर्ण पाळीभर पुरे. कॅमेरा तयार स्थितीत असला की तो सतत पाहत असतो, पण पाहिलेले जपून ठेवत नाही. पोलिसाने बटण दाबले की त्याआधीच्या अर्ध्या मिनिटाचे मूक चित्रण शाबूत राहते आणि तिथून पुढे आवाजासह नोंद सुरू होते. त्यामुळे झटापट सुरू झाल्यावर घाईत बटण दाबले, तरी तिची सुरुवात हाती लागते. पाळी संपली की यंत्र ठाण्यातल्या खोबणीत बसवायचे. तिथे बॅटरी भरते आणि चित्रण आपोआप दूरच्या सर्व्हरवर जाते. ते कोणी, केव्हा उघडले याचीही नोंद राहते. ज्याच्या अंगावर कॅमेरा होता, त्याला चित्रणात काटछाट करता येत नाही.

नियम साधा होता. लोकांशी येणारा प्रत्येक संबंध चित्रित करायचा. अपवाद दोनच: लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराची प्रकरणे आणि खबऱ्यांशी होणारी बोलणी. बाकी कुठे कॅमेरा लावायचा आणि कुठे नाही, हे पोलिसाच्या मर्जीवर सोडलेले नव्हते.

प्रयोग फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरू झाला आणि वर्षभर चालला. गस्तीवरच्या ५४ पोलिसांच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या असत. प्रत्येक आठवड्याच्या पाळ्यांपैकी कोणत्या कॅमेऱ्यासह आणि कोणत्या कॅमेऱ्याविना, हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवी. नव्या औषधाची चाचणी घेताना कोणाला औषध आणि कोणाला नुसती गोळी हे जसे नशिबावर सोडतात, तीच ही पद्धत. म्हणजे शनिवारची रात्र, महिनाअखेर, एखादा तापट हवालदार यांचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखाच वाटला जातो. वर्षात एकूण ९८८ पाळ्या झाल्या. ४८९ कॅमेऱ्यासह आणि ४९९ कॅमेऱ्याविना.

मोजायच्या गोष्टी मुख्यतः दोन. पोलिसांनी बळ किती वेळा वापरले, म्हणजे लाठी, मिरचीचा फवारा, टेझर, कुत्रा किंवा बंदूक यांचा आधार किती वेळा घ्यावा लागला. आणि पोलिसांविरुद्ध नागरिकांच्या तक्रारी किती आल्या. आदल्या वर्षी बळाच्या वापराच्या ६१ घटना घडल्या होत्या. प्रयोगाच्या वर्षी त्या २५ वर आल्या. या पंचविसांपैकी कॅमेऱ्याच्या पाळ्यांत ८ आणि कॅमेऱ्याविना पाळ्यांत १७. तक्रारी २४ वरून ३ वर उतरल्या. आणखी एक तपशील आकड्यांहून बोलका आहे. कॅमेरा असताना ज्या ज्या वेळी बळ वापरले गेले, त्या त्या वेळी समोरचा माणूस अंगावर आला होता किंवा अटकेला झटापट करून विरोध करत होता. कॅमेरा नसलेल्या १७ घटनांपैकी ५ घटनांत पोलिसाला शारीरिक धोका नसतानाही हात उचलला गेला होता.

हे आकडे जपूनच वाचायला हवेत. वर्षाला पंचवीस घटना ही संख्या लहान आहे. दोन-चार घटना इकडच्या तिकडे झाल्या तरी टक्केवारी बरीच हलते. शिवाय तेच पोलीस आज कॅमेऱ्यासह आणि उद्या कॅमेऱ्याविना काम करत होते. आज लागलेली सवय उद्या कॅमेरा काढल्याबरोबर सुटत नाही. म्हणूनच कॅमेऱ्याविना पाळ्यांतही बळाचा वापर आदल्या वर्षापेक्षा कमी झाला असावा. तक्रारी तर दोन्ही प्रकारच्या पाळ्यांत इतक्या घटल्या, की त्यांची आपसात तुलना करण्याइतकी संख्याच उरली नाही. संशोधकांनी ही मर्यादा लपवली नाही.

परिणाम का झाला असावा? आपण पाहिले जात आहोत याची जाणीव माणसाला सावरते, हे एक कारण. ही जाणीव दोन्ही बाजूंना होते. पोलीस नियमाने बोलतो आणि समोरचाही आवाज खाली आणतो. दुसरे कारण तक्रारींशी संबंधित आहे. एरवी पोलीस एक सांगतो, तक्रारदार दुसरेच सांगतो आणि चौकशी तिथेच अडकते. चित्रण हाताशी असले की खोटी तक्रार करणारा मागे फिरतो आणि खरी तक्रार दडपणे अवघड होते. तक्रारींच्या घसरणीत खोट्या तक्रारी टळण्याचा वाटा किती आणि सुधारलेल्या वागण्याचा किती, हे मात्र आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. पैशांचा हिशेब तेवढा स्पष्ट होता. कॅमेऱ्यांवर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे तक्रारी आणि खटल्यांवरचे सुमारे चार डॉलर वाचले, असा अंदाज केंब्रिजच्या संशोधकांनी मांडला.

पोलिसांच्या चित्रणाचे बळ कॅलिफोर्नियाला नवे नव्हते. ३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला केलेली मारहाण जॉर्ज हॉलिडे या रहिवाशाने आपल्या बाल्कनीतून टिपली आणि ती जगभर पाहिली गेली. पुढच्या वर्षी आरोपी पोलीस सुटले तेव्हा शहरात दंगल उसळून पन्नासहून अधिक माणसे मेली. हेच किंग पुढे रिआल्टोत राहायला आले आणि जून २०१२ मध्ये, कॅमेऱ्यांचा प्रयोग चालू असतानाच, आपल्या घरच्या पोहण्याच्या तलावात बुडून वारले. हॉलिडे यांच्या चित्रणात पोलीस दिसतात. वर्दीवरच्या कॅमेऱ्यात पोलिसाच्या समोरचा माणूस दिसतो, पोलीस स्वतः बहुतेक वेळा दिसत नाही. झटापटीत तर चित्र इतके हलते की आवाजावरच भिस्त ठेवावी लागते. या यंत्राला तटस्थ साक्षीदार म्हणताना तो एका बाजूला उभा असतो हे विसरून चालत नाही.

रिआल्टोची कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी रस्त्यात लोकांना अडवून घेतलेल्या झडत्या घटनाबाह्य ठरवताना न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी शहराच्या पाचही विभागांत प्रत्येकी एका ठाण्याच्या हद्दीत कॅमेरे वापरून पाहण्याचा आदेश दिला. ऑगस्ट २०१४ मध्ये मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसन इथे मायकल ब्राऊन हा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मारला गेला. घटनेचे चित्रण नव्हते, आणि नेमके काय घडले यावरून देश दुभंगला. त्याच डिसेंबरात अध्यक्ष ओबामा यांनी ५०,००० कॅमेऱ्यांसाठी तीन वर्षांत साडेसात कोटी डॉलर देण्याची योजना मांडली. २०१६ पर्यंत देशातल्या सुमारे ४७ टक्के पोलीस यंत्रणांकडे कॅमेरे आले होते.

मग दुसरे निष्कर्ष येऊ लागले. राजधानी वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांहून अधिक पोलिसांवर झालेल्या प्रयोगाचे निकाल २०१७ मध्ये जाहीर झाले. कॅमेरा असलेल्या आणि नसलेल्या पोलिसांत बळाच्या वापराबाबत किंवा तक्रारींबाबत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. एवढेच नव्हे, तर खुद्द एरियल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन-अमेरिकेतल्या आठ पोलीस दलांत केलेल्या दहा चाचण्यांतही सरासरी फरक शून्याच्या आसपास निघाला. उलट कॅमेरा असताना पोलिसांवरचे हल्ले थोडे वाढलेले दिसले.

या कोड्याचा उलगडा त्याच चाचण्यांतून झाला. जिथे पोलिसांनी नियम पाळून प्रत्येक भेटीच्या सुरुवातीलाच कॅमेरा लावला आणि चित्रण चालू असल्याचे समोरच्याला सांगितले, तिथे बळाचा वापर ३७ टक्क्यांनी कमी होता. जिथे कॅमेरा केव्हा लावायचा हे पोलिसाने स्वतः ठरवले, तिथे तो ७१ टक्क्यांनी जास्त होता. बाचाबाची तापल्यावर अचानक कॅमेरा लावणे म्हणजे समोरच्याला दिलेले आव्हानच ठरते, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण. कारण कोणतेही असो, यंत्र तेच असून परिणाम उलटा झाला. फरक होता तो ठाण्यातल्या शिस्तीचा. रिआल्टोच्या आकड्यांकडे पाहून ज्यांनी फक्त कॅमेरे घेतले आणि नियम मागे ठेवला, त्यांनी अर्धाच प्रयोग विकत घेतला.

विकत घेण्याचाही प्रश्न आहे. कॅमेऱ्याची किंमत एकदाच मोजावी लागते, साठवणुकीचे भाडे मात्र दर महिन्याला. खटला चालू असेपर्यंत चित्रण जपावे लागते; त्यातले काही भाग न्यायालयाला, बचाव पक्षाला आणि माहिती मागणाऱ्या नागरिकांना द्यावे लागतात; देण्यापूर्वी अल्पवयीन मुले आणि तिऱ्हाईत माणसे यांचे चेहरे पुसावे लागतात. हे काम वेळखाऊ आहे. दहा-बारा माणसांच्या दलात त्यासाठी वेगळा माणूस कोठून आणायचा? काही लहान दलांनी याच खर्चापायी घेतलेले कॅमेरे पुन्हा कपाटात ठेवले.

खासगीपणाचा मुद्दा त्याहून नाजूक. पोलीस बहुतेक वेळा लोकांच्या सर्वांत वाईट घटकेला त्यांच्या घरात शिरतात, आणि त्या घटकेचे चित्रण सरकारी दप्तरात राहते. कॅलिफोर्नियाने यासाठी टप्प्याटप्प्याने कायदे केले. जुलै २०१९ पासून पोलिसांचा गोळीबार किंवा मृत्यू अथवा गंभीर दुखापत ओढवणारा बळाचा वापर यांचे चित्रण साधारणपणे ४५ दिवसांत खुले करणे बंधनकारक झाले. २०२० पासून तीन वर्षे वर्दीवरच्या कॅमेऱ्यांना चेहरा ओळखणारी प्रणाली जोडण्यास मनाई होती. ही मनाई १ जानेवारी २०२३ ला मुदत संपून उठली.

भारतात हा विषय वेगळ्या दाराने आला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीपासून प्रवेशद्वारापर्यंत, रात्रीही दिसेल आणि आवाजही टिपेल असे सीसीटीव्ही लावण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रण, शक्यतो मोबाइलवरच, करणे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवणे सक्तीचे आहे. त्यासाठी केंद्राच्या एनआयसी संस्थेने ई-साक्ष्य हे ॲप तयार केले असून महाराष्ट्रातल्या तपास अधिकाऱ्यांनाही आता पंचनाम्याबरोबर चित्रण जोडावे लागते. नाकाबंदीवरची अडवणूक, मोर्चावरचा लाठीमार, चौकातली हुज्जत यांच्या चित्रणाची सक्ती मात्र या कलमात नाही. रिआल्टोने वर्षभर मोजले ते नेमके अशाच प्रसंगांतले वागणे.