लघवीची जळजळ : घरी केव्हा थांबावे, दवाखान्यात केव्हा यावे

महाराष्ट्रात इतरत्र तसेच आपल्या मुरबाड-शहापूर भागातही लघवीला जळजळ होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणण्याची रीत आहे. उन्हाने अंगातील उष्णता वाढली व ती लघवीवाटे बाहेर पडत आहे, अशी त्यामागील समजूत. मग धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, ताक असे थंड उपचार सुरू होतात आणि चार-सहा दिवस वाट पाहिली जाते. पुष्कळदा त्रास थांबतोही. परंतु हुडहुडी भरून ताप, कुशीत तीव्र वेदना आणि उलट्या अशा अवस्थेत दाखल होणाऱ्या काही रुग्णांच्या आजाराची सुरुवातही याच ‘उन्हाळी’ने झालेली असते. या दोहोंतील फरक घरच्या घरी कसा ओळखावा, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

त्रास कशामुळे होतो?

‘उन्हाळी’ या शब्दात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. घाम फार गेला आणि पाणी कमी प्यायले गेले, तर लघवी घट्ट व गडद पिवळी होते आणि जळजळते. अशा वेळी पुरेसे पाणी पोटात गेले की साधारण दिवसभरात आराम पडतो. आपल्या भागात ही वेळ वारंवार येते. शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा धरणांचे पाणी मुंबईकरांची तहान भागवते. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर मात्र एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावरून हंडे वाहणारी गृहिणी स्वतःच्या वाट्याचे पाणी सर्वांत शेवटी पिते, हे येथे कोणास सांगावयास नको.

खरा जंतुसंसर्ग मात्र निराळा. बहुतेक वेळा तो ई. कोलाय या जंतूमुळे होतो. हा जंतू आपल्या आतड्यात एरवी निरुपद्रवी राहतो. मूत्रमार्गात शिरला की तेथे वाढू लागतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो, पुरुषांचा सुमारे वीस. त्यामुळे हा विकार स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतो आणि जवळजवळ निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी होतो. तो अस्वच्छतेचे वा वाईट वर्तनाचे लक्षण नव्हे. लघवी करताना आग होणे, पुनःपुन्हा लागणे पण थोडीच होणे, ओटीपोटात दुखणे आणि लघवी गढूळ होणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत. जळजळीबरोबर खाज सुटत असेल किंवा अंगावरून पांढरे जात असेल, तर कारण बहुधा वेगळे असते आणि उपचारही वेगळे लागतात.

थोडे थांबणे कोणास चालेल?

जळजळ किती आहे, यापेक्षा ती कोणास होत आहे आणि तिच्यासोबत आणखी काय आहे, यावरून निर्णय करावा. गरोदर नसलेल्या, मधुमेह किंवा मूतखडा नसलेल्या, एरवी निरोगी अशा तरुण वा मध्यमवयीन स्त्रीस सौम्य जळजळ होत असेल आणि ताप नसेल, तर एक-दोन दिवस भरपूर पाणी पिऊन पाहण्यास हरकत नाही. जर्मनीतील सुमारे पाचशे स्त्रियांवरील एक चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील एका गटास प्रतिजैविकाऐवजी केवळ वेदनाशामक गोळ्या देण्यात आल्या. त्या गटातील सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया प्रतिजैविकाविना बऱ्या झाल्या. मात्र त्यांचा त्रास अधिक दिवस टिकला आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचण्याचे प्रकारही त्यांच्यात थोडे अधिक घडले. म्हणून थांबावयाचे ते लक्ष ठेवून. दोन दिवसांत उतार न पडल्यास किंवा त्रास वाढत गेल्यास तपासणी करून घ्यावी.

कोणी मुळीच थांबू नये?

गरोदर स्त्रियांनी जळजळ जाणवताच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गरोदरपणात संसर्ग मूत्रपिंडापर्यंत लवकर चढतो आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढतो. या काळात कोणताही त्रास नसतानाही लघवीत जंतू आढळू शकतात व त्यांवर उपचार करावे लागतात. गरोदरपणातील तपासण्यांमध्ये लघवी घेतली जाते ती याकरिताही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय रुग्णालयांत या तपासण्या विनामूल्य होतात.

पुरुष, लहान मुले, मधुमेही, मूतखड्याचे किंवा मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण आणि लघवीची नळी घातलेले रुग्ण यांनीही घरगुती उपायांवर विसंबू नये. पुरुषांमध्ये या त्रासामागे प्रोस्टेट ग्रंथीची वाढ किंवा खडा असू शकतो. तान्ह्या बाळास जळजळ सांगता येत नाही. कारण न कळणारा ताप, दूध न पिणे, चिडचिड एवढेच दिसते. तीन महिन्यांखालील बाळास ताप आल्यास तर तासभरही दवडू नये. वृद्ध माणूस अचानक असंबद्ध बोलू लागले अथवा गुंगीत राहू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता त्यांना दाखवावे.

आणि वय, प्रकृती कोणतीही असो, पुढील लक्षणांपैकी एकही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे : थंडी वाजून ताप, बरगड्यांखाली पाठीच्या एका बाजूस दुखणे, उलट्या, लघवीतून रक्त जाणे किंवा लघवी कोंडणे. पावसाळ्यात आवणीच्या दिवसांत थंडी-ताप आला की मलेरिया व लेप्टो यांची शंका प्रथम येते, आणि ती योग्यच आहे. पण आधी लघवीस जळजळ होत होती काय, हेही डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

संकोच हा मोठा अडसर

अनेकदा विलंब होतो तो अज्ञानापेक्षा लाजेमुळे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरांतील ९२ स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. त्यापूर्वी तपासणी झालेल्या मात्र शंभरांत अवघ्या आठ. तो अभ्यास स्त्रीरोगांचा असला, तरी दुखणे अंगावर काढण्याची सवय तीच आहे. त्यात रोजंदारी बुडण्याची भीती असते. दिवाळीनंतर कल्याण-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांतील स्त्रियांना तर कामाच्या जागी आडोसाही नसतो. लघवीला जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच न पिणे, हा त्यांचा नाइलाज आजाराला वाट करून देतो. घरातील पुरुषांनी व सासूबाईंनी हे ओळखून ‘चल, दाखवून येऊ’ एवढे म्हटले, तरी अर्धा अडसर दूर होतो.

तपासणी व औषधे

लघवीचा नमुना स्वच्छ बाटलीत, पहिली धार सोडून मधल्या धारेतील द्यावा आणि शक्यतो प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी द्यावा. साधी तपासणी थोड्या वेळात होते. संसर्ग वारंवार होत असल्यास, रुग्ण गरोदर असल्यास किंवा ताप असल्यास कल्चर करावे लागते. त्यात जंतू वाढवून कोणते औषध त्यावर लागू पडते ते पाहतात व त्यास दोन-तीन दिवस लागतात. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचला नाही व थंडही ठेवला नाही, तर निष्कर्ष फसवा येतो. दूरच्या पाड्यावरून नमुना आणण्यापेक्षा रुग्णालयात येऊनच द्यावा, असे सांगतात ते यासाठी.

मेडिकलमधून दोन गोळ्या आणून घेणे व बरे वाटताच थांबवणे, ही सवय घातक आहे. नेहमीच्या अनेक प्रतिजैविकांना ई. कोलाय दाद देईनासा झाल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अहवालांतून दिसून येते. साध्या संसर्गास बहुधा तीन ते सात दिवसांचे उपचार पुरतात. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस ते पुरे करावेत. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा त्रास झाल्यास रक्तातील साखर आणि सोनोग्राफी यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पाणी पिण्याचा जुना सल्ला संशोधनानेही खरा ठरवला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि एरवी कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांना रोज दीड लीटर अधिक पाणी देण्यात आले. वर्षभरात त्यांच्यातील संसर्गाचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ निम्मे राहिले. लघवी अडवून न धरणे व शौचानंतर पुढून मागे धुणे, या सवयीही उपयोगी पडतात.

टोकावडे व मुरबाड येथील ग्रामीण रुग्णालये आणि शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय येथे १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. देणगीदार हितचिंतकांस एक विनंती करावीशी वाटते. लघवीची वेळेवर केलेली एक तपासणी रुग्णाला अनेक दिवसांच्या खाटेपासून वाचवू शकते. म्हणून प्रयोगशाळेतील चाचणीपट्ट्या, नमुन्यांसाठी शीतकपाट आणि स्त्री-रुग्णांसाठी स्वच्छ, कडी लागणारे, पाण्याची सोय असलेले प्रसाधनगृह या गोष्टी यंत्रसामग्रीच्या यादीत लहान दिसल्या, तरी त्यांस साहाय्य करताना हात आखडता घेऊ नये.